नाईटला मेडिकलात बसून अभ्यास होतो का?

प्रश्न जिंतूरकडच्या एका पोराचा आहे. डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) झालंय, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलंय, लातूरला एका शंभरेक बेडच्या खासगी दवाखान्यात मेडिकलला नाईटची जागा निघालीय, रात्री आठ ते सकाळी आठ. विचारायलाय की सर, नाईटला गर्दी कमी असते म्हणतात, तर जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकारी पदाचा अभ्यास होईल का, काम नेमकं काय असतं, आणि रात्री एकटं बसायला काही धोका वगैरे आहे का.

आधी सर म्हणू नको, दादा म्हण. मी पण डी.फार्मच आहे. चौदा वर्षं झाली दवाखान्याच्या मेडिकलात, पहिली काही नांदेडला आणि मग लातूरला, त्यातली दहा-अकरा वर्षं तरी रात्रीचीच, कारण दिवसाला घरची शेती बघायची होती. तुझ्यासारखाच विचार करून मी पण नाईट घेतली होती, बॅगेत पुस्तक घेऊन गेलो होतो. पहिल्या महिन्यात त्या पुस्तकाची पंधरा पानं झाली असतील.

अभ्यास होतो, पण तू समजायलास तसा नाही. त्याचं शेवटी सांगतो, आधी रात्र कशी असते ते बघ.

आठ ते साडेअकरा म्हणजे मोंढ्यात बसल्यासारखं असतं. संध्याकाळचा राऊंड झालेला असतो, प्रत्येक वॉर्डाची चिठ्ठी येते, डिस्चार्जवाले उरलेलं औषध रिटर्न करायला रांगेत, त्यात एखादा कट स्ट्रिप घेऊन भांडत असतो की मी चारच गोळ्या घेतल्या. साडेअकरा ते दीड आयसीयूचं इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी. दीड-दोननंतर शांत होतं, म्हणजे झालं तर. मग साडेतीन ते पाच ही जी वेळ आहे ना, तिच्यापासून सांभाळून राहा. डोळे उघडे असतात पण डोकं बंद असतं, आणि बरोबर त्याच वेळेला कॅज्युअल्टीला काहीतरी येतं. पाचनंतर सकाळचे डोस, शुगरच्या पट्ट्या, सात वाजता ऑपरेशनचं सामान, आणि आठला डे वाला कधीच आठला येत नाही हे पण धरून चाल.

गेल्या गेल्या पहिला अर्धा तास कुणाशी गप्पा मारू नको. डे वाल्याला जाऊ देण्याआधी काही गोष्टी स्वतः हातानं मोज, कॉम्प्युटरमधला स्टॉक बघून सही करू नको, कॉम्प्युटर खोटं बोलतो, सतरा दाखवतो आणि रॅकवर अकरा असतात. सापाची व्हायल किती, ॲट्रोपिन किती, ॲड्रिनॅलिन, नॉरॅड, हार्ट अटॅकचं इंजेक्शन आहे का (टेनेक्टेप्लेज असेल तर कितीचं आहे ते पण, कारण ते वजनावर जातं, तीस, चाळीस, पन्नास मिलिग्रॅम), मॅगसल्फ किती. मॅगसल्फचं सांगतो, झटके आलेली गरोदर बाई आली की एक-एक ग्रॅमच्या चौदा अँप्यूल एका वेळेला लागतात, चार शिरेतून आणि पाच-पाच दोन्ही कुल्ल्यांत, आणि जोडीला कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवावं लागतं, जास्त झालं तर उतारा तोच. तुझ्याकडं सहा असतील तर तू रात्री अकराला काय करणार, स्टॉकिस्ट तर नऊलाच शटर ओढून घरी गेलेला असतो. म्हणून साडेआठलाच जे कमी आहे ते कळलं पाहिजे, तेव्हा फोन केला तर कुणीतरी पोरगा मोटारसायकलवर आणून देतो.

आणि दुसरं, आजूबाजूच्या चार दवाखान्यांच्या रात्रीच्या मेडिकलवाल्यांचे नंबर मोबाईलमध्ये पाहिजेतच. रात्रीचा सगळा कारभार उसनवारीवर चालतो. चिठ्ठीवर औषध, बॅच नंबर, नग आणि सही, सकाळी परत. मालकांचं आपसात पटत नसलं तरी रात्रीवाल्यांचं पटतं, पटवून घ्यावं लागतं. मी एकदा एका सिझेरियनच्या पेशंटसाठी कार्बोप्रोस्ट (बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन) आणायला मध्यरात्री बर्फाचा डबा घेऊन समोरच्या दवाखान्यात पळत गेलोय, तिथला ब्रदर फ्रीज उघडून हातात घेऊन रस्त्यावरच उभा होता.

आता आपल्या भागातल्या दोन गोष्टी, ज्या तुला पुस्तकात या पद्धतीनं शिकवल्या नसतील.

आपल्याकडं 'औषध घेतलं' म्हणलं की फवारणीचं विष प्यालं असा अर्थ होतो हे तुला सांगायची गरज नाही, तू शेतकऱ्याच्या घरचा आहेस. पण काउंटरला बसल्यावर कान त्या हिशोबानं ठेवावा लागतो. रात्री दीडला एक म्हातारा खिडकीशी आला, टोपी हातात, म्हणाला पोरानं औषध घेतलंय हो. माझ्यासोबत तेव्हा पुण्याहून आलेली एक मुलगी नवीन लागली होती, बी.फार्म, हुशार, ती एकदम सरळपणे म्हणाली, "कोणतं घेतलं काका, चिठ्ठी दाखवा." तिची चूक नव्हती, तिच्या गावाकडं औषध म्हणजे औषधच. म्हातारा नुसता बघत राहिला. मी आतून ओरडलो की कॅज्युअल्टीला न्या आधी, इकडं कशाला आलात, आणि डबा आणलाय का डबा. डबा महत्त्वाचा असतो. घरचे लोक भीतीनं किंवा पोलिसाच्या धाकानं डबा फेकून देतात, त्यांना समजावून घरी राहिलेल्या माणसाकडून लेबलचा फोटो मागवायचा. फवारणीच्या डब्यावर रंगाचा चौकोन असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा, लाल सगळ्यात जहाल, पण रंगावरून उपचार ठरत नाहीत, आतला घटक वाचावा लागतो. ऑर्गॅनोफॉस्फेट निघालं तर ॲट्रोपिन आणि पॅम, आणि तणनाशकातलं पॅराक्वाट निघालं तर त्याला उताराच नाही, डॉक्टरला ते लवकर कळलेलं बरं.

त्या रात्री ॲट्रोपिन लागलं. हिशोब बघ, आपल्याकडची अँप्यूल शून्य पॉइंट सहा मिलिग्रॅमची. डॉक्टर तीन अँप्यूलनं सुरू करतात आणि छातीतलं पाणी सुकेपर्यंत दर पाच मिनिटाला दुप्पट. तीन, सहा, बारा, चोवीस, म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांतच पंचेचाळीस झाल्या, आणि पुढच्या पाच मिनिटाला अठ्ठेचाळीस पाहिजेत. सिस्टर एकटी किती फोडणार. आम्ही दोघं काउंटरला शटर लावून, समोर पाटी टांगून, कॅज्युअल्टीत उभं राहून अँप्यूल फोडायलो, फोडायलो आणि ट्रेमध्ये ठेवायलो. त्या मुलीच्या दोन्ही अंगठ्यांना काचा लागल्या, तिनं चिकटपट्टी लावली आणि परत फोडायला लागली. मी तिला नंतर गॉज धरून फोडायचं शिकवलं, आधीच शिकवायला पाहिजे होतं. पोरगा सहाव्या दिवशी चालत घरी गेला. सगळे जात नाहीत. आणि कॅज्युअल्टीतल्या पोराबद्दल काउंटरवर बसून 'कामून केलं असंल' असली चर्चा करायची नाही, बाप तिथंच बाकावर असतो.

दुसरं साप. पावसाळा लागला की आणि परत सोयाबीन काढणीला, या दोन वेळेला जास्त. मण्यार रात्रीची चावते, खाली जमिनीवर झोपलेल्या माणसाला, कित्येकदा दात उमटलेले पण दिसत नाहीत, नुसतं पोटात दुखतंय आणि डोळे मिटायलेत म्हणून आणतात. आपल्याकडची लस चारींवर चालते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, त्यामुळं साप मारून पिशवीत आणायची गरज नसते, तरी आणतात, एकदा तर पिशवीतला मेलेला नव्हता, ते वेगळंच महाभारत. सुरुवातच आठ-दहा व्हायलनं होते, आणि लेकरू असलं तरी तेवढ्याच, कारण सापानं लेकराला विष कमी घातलेलं नसतं. ही गोष्ट नवीन आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरला) पण कधी कधी आठवत नाही, दोन वर्षाच्या लेकराला दोन व्हायल लिहून पाठवतात. तेव्हा तू फोन करायचास.

व्हायलमध्ये पावडर असते, दहा एमएल पाणी घालून विरघळवायची. आणि इथं घाई उपयोगाची नाही, खळखळ हलवलं की फेस होतो आणि मग त्या फेसाकडं बघत बसावं लागतं. दोन्ही तळहातात धरून रवी फिरवल्यासारखी हळू हळू फिरवायची. दहा व्हायल म्हणजे एकट्या सिस्टरचं काम नाही, वॉर्डातल्या मावशींना पण आम्ही फिरवायला शिकवलेलं होतं. सोबत ॲड्रिनॅलिन भरून तयार, कारण लसीचीच रिॲक्शन येऊ शकते. आणि एक सांगतो जे मालकाला आवडणार नाही, सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. माणूस शुद्धीत असेल, सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेज जवळ असेल आणि घरच्यांकडं पैसे नसतील तर डॉक्टरच तसं सांगतात, चांगले डॉक्टर सांगतातच. पण तू काउंटरवरनं स्वतःच्या मनानं पेशंट हलवायचा सल्ला देऊ नको, त्यात वेळ गेला तर जीव जातो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तू विचारलंस काम काय असतं. चिठ्ठी बघून डबा काढून देणं हे कुणीही करतंय, कॉम्प्युटरवाला पोरगा पण करतो. तुझं खरं काम हे की काही खटकलं तर फोन उचलायचा. दिवसा दहा माणसं असतात, सिनियर असतो, डॉक्टर स्वतः येऊन बोलतो, चूक कुठंतरी अडते. रात्री आरएमओ छत्तीस तास जागा, सिस्टर दोन वॉर्ड बघायली, आणि मध्ये फक्त तू. आणि रात्री अडीचला डॉक्टरला फोन करायला जीभ उचलत नाही, हे मला माहितीय, मला पण दोन-तीन वर्षं लागली.

एक उदाहरण सांगतो. गुडघे-बोटं वाकडी झालेली एक आजी निमोनियासाठी ॲडमिट झाली. रात्री बाराला चिठ्ठी आली, अँटिबायोटिक, सलाईन, नेब्युलायझेशनचं सामान आणि खाली घरच्या गोळ्या उतरवून काढलेल्या, त्यात मेथोट्रेक्सेट साडेसात, पुढं लिहिलेलं दिवसातून एकदा. हातात डबा घेतला आणि थांबलो, कारण ही गोळी संधिवातात रोज नसते, आठवड्यातून एकदा असते, रोज गेली तर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी खाली येतात, माणूस जातो. सून चिठ्ठी घेऊन उभी होती. तिला म्हणलं, ताई, आजीच्या घरच्या गोळ्यांची पिशवी आणलीय का. ती वरून कॅरीबॅग घेऊन आली, त्यात बीपीची गोळी, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड आणि मेथोट्रेक्सेटची अर्धी संपलेली स्ट्रिप. विचारलं ही कधी कधी घेते आजी. सून म्हणाली, "गुरुवारच्या गुरुवारी. गुरुवारी उपास असतो ना त्यांचा, ध्यानात राहतं म्हणून."

तिथंच कळलं सगळं. तरी मी दहा मिनिटं फोन हातात घेऊन बसलो होतो. केला शेवटी. आरएमओ झोपेत होता, चिडला, म्हणाला, "अरे पण पेपरवर आहे ना तिच्या, सकाळी सरांना विचारू." मी म्हणलं आजीच्या जुन्या पेपरवर इंग्रजीत आठवड्यातून एकदा लिहिलंय, फोटो पाठवतो, आणि मी ही गोळी आता देत नाहीय, बाकीचं सगळं पाठवलंय. पाच मिनिटानं तो स्वतः खाली आला, पेपर बघितला, चिठ्ठीवर आडवी रेघ मारून सही केली आणि चहा पिऊन गेला. निमोनिया चालू असताना ती गोळी द्यायची का नाही हा पण प्रश्नच होता, तो सकाळी मोठ्या सरांनी बघितला. आरएमओ माझ्यावर नंतर कधी चिडला नाही, उलट कधीकधी तोच फोन करून विचारायचा.

फोनवर कसं बोलायचं हे पण शिकून घे. 'सर तुमचं चुकलंय' असं नाही. 'सर बेड अमुक, मी हे वाचतोय, बरोबर वाचतोय का, देऊ का.' एवढंच. डॉक्टरला स्वतःची चूक स्वतःच पकडू द्यावी. आणि तोंडी काही बदललं तर आपण परत वाचून दाखवायचं, चिठ्ठीवर वेळ टाकून लिहायचं, सकाळी सही घ्यायची. अक्षर लागत नसेल तर अंदाजानं कधीच देऊ नको. ॲट्रोपिन आणि ॲड्रिनॅलिन, डोपामिन आणि डोब्युटामिन, ही नावं झोपेत लिहिली आणि झोपेत वाचली तर एकच दिसतात, आणि अँप्यूल पण सारख्याच दिसणाऱ्या. पोटॅशियमची अँप्यूल, केसीएल, ती तर मी डिस्टिल वॉटरच्या रॅकपासून पार दुसऱ्या टोकाला, लाल डब्यात ठेवलीय, वर मोठ्या अक्षरात लिहून की पातळ केल्याशिवाय द्यायची नाही. सरळ शिरेत ढकललं की हृदय थांबतं. जॉईन झाल्यावर पहिल्या आठवड्यात रॅक स्वतः लावून घे, मालकाला विचारून. एबीसीडीनं लावलेला रॅक दिसायला छान दिसतो पण सारखी नावं शेजारी येतात.

माझी स्वतःची चूक पण सांगतो, नाहीतर वाटेल हा लई शहाणा आहे. पहाटे सव्वाचार, चिठ्ठी आली इन्सुलिन व्हायल एक, सिरिंज पाच. मी व्हायल दिली चाळीसची (एका एमएलमध्ये चाळीस युनिट) आणि सिरिंज दिल्या नारिंगी टोपणाच्या, म्हणजे शंभरच्या. चाळीसच्या व्हायलला लाल टोपणाची लागते हे मला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण जागेपणी देऊन बसलो. त्या सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात आठच युनिट जातात. सिस्टरनं टोपणाचा रंग बघून खाली पाठवलं, वर चिठ्ठी, 'दादा चहा प्या'. माझं नशीब की चूक कमी डोसाच्या बाजूला होती. उलटं झालं असतं, म्हणजे शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजनं, तर अडीच पट गेलं असतं आणि पेशंट सकाळपर्यंत उठला नसता. त्या दिवसापासून मी व्हायल आणि सिरिंज एकाच पिशवीत, टेप लावून देतो, आणि साडेतीननंतर प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचतो, एकटा असलो तरी. लोक हसतात, हसू दे.

कपाटातल्या फेंटानिल, मॉर्फिनबद्दल थोडक्यात. दोन कुलपं, दोन चाव्या, दोन माणसांकडं. एक-एक अँप्यूल रजिस्टरमध्ये पेशंटच्या नावासकट, फुटली तर साक्षीदाराची सही आणि काचा जपून. केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमाच्या औषधांच्या यादीत आहे, त्याची चिठ्ठी दोन प्रतीत, एक दोन वर्षं आपल्याकडं. ट्रामाडोल पण २०१८ पासून एनडीपीएसमध्ये (अंमली पदार्थांच्या कायद्यात) आलंय, त्यामुळं ओळखीचा माणूस रात्री येऊन 'पाय लई दुखायलाय, दोन गोळ्या दे' म्हणला तरी चिठ्ठीशिवाय नाही. हँडओव्हरला रजिस्टरमध्ये दहा आणि कपाटात नऊ असतील तर डे वाला कितीही म्हणू दे की सकाळी जुळवतो, तू दहावर सही करायची नाही. नऊ लिही, वेळ लिही, त्याचीच सही घे. यात मैत्री नसते.

फ्रीज. उन्हाळ्यात परभणीला पारा चव्वेचाळीसला जातो, लातूरला थोडा कमी, पण लाईट दोन्हीकडं जाते. दोन ते आठ डिग्री, रात्री तीन वेळा बघून लिहायचं, आणि सगळे गरमीला भितात पण गोठलेलं पण तितकंच बाद असतं हे विसरतात, इन्सुलिन, धनुर्वाताची लस गोठली की फेकायची, परत पातळ झाली तरी. घरगुती फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्याला चिकटवून काही ठेवू नको. आणि सिस्टर लोकांचं दूध, आईस्क्रीम, वाढदिवसाचा केक, यासाठी भांडण होतं, होऊ दे, एकदाच होतं.

पैशाचं सगळ्यात अवघड. कायदे-रजिस्टर शिकता येतात, पण रात्री तीनला ऊसतोडीवरून थेट आलेलं जोडपं, बाईच्या कडेला झटके येणारं लेकरू, आणि बापाच्या खिशात चारशे रुपये, तिथं काय करायचं हे कुणी शिकवत नाही. फोन पे चालत नाही, मुकादम फोन उचलत नाही. म्हणून जॉईन होण्याआधी मालकाला किंवा मॅनेजरला हा एक प्रश्न विचार, की बिल व्हायच्या आधी कोणती औषधं मी माझ्या सहीवर देऊ शकतो, मला यादी लेखी द्या. झटक्याचं, दम्याचं, हार्टचं, सापाचं, रक्तस्रावाचं, एवढं तरी त्या यादीत पाहिजे. यादी देत नसेल तर तिथं जाऊ नको, मी स्पष्ट सांगतोय, कारण मग प्रत्येक रात्री निर्णय तुझ्या गळ्यात आणि तूट तुझ्या पगारात. एका ठिकाणी माझ्या पगारातून साडेतीन महिने कापलेत, मी भांडलो नाही, वय लहान होतं, आता भांडलो असतो. महात्मा फुले योजनेत दवाखाना असेल तर आरोग्यमित्राचा (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा) नंबर काउंटरच्या काचेला आतून चिकटव, रेशन कार्ड कुणाला तरी गावाकडून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांग, निम्मे लोक त्याच्याशिवायच आलेले असतात.

जीवाला धोका आहे का. रोज नाही. पेशंट गेला की गर्दी आधी डॉक्टरकडं जाते आणि मग बिलाकडं, आणि बिल म्हणजे आपलं काउंटर. २०१० चा दवाखान्यावरच्या हल्ल्यांचा कायदा आहे, गुन्हा दाखल होतो, पण त्या क्षणाला लोखंडी जाळी आणि आतून लागणारी कडी कामाला येते, ती आहे का ते इंटरव्ह्यूला गेल्यावर बघून ये. मयत झालेल्या घरच्यांशी रिटर्नच्या पैशावरून वाद घालायचा नाही, जे परत येतं ते पटकन मोजून द्यायचं, एमआरपी-बिमारपी सगळं नंतर. नशेवाले येतात, खोकल्याचं औषध मागतात, त्यांना 'संपलंय' म्हणायचं, भाषण द्यायचं नाही.

सर्टिफिकेटचं एक. फार्मसी ॲक्ट १९४८ चा आहे आणि त्यात बेचाळीस कलमानुसार औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनंच द्यायचं, दिवसा असो की रात्री. बरेच ठिकाणी दिवसाचं नाव परवान्यावर आणि रात्री कुणीतरी बारावी पोरगा असा कारभार असतो. तुझं नाव लागलंय का ते बघ, आणि मूळ रजिस्ट्रेशन कुणाच्या कपाटात ठेवायला देऊ नको, झेरॉक्स दे, भिंतीवर लावायला मूळ लागलं तर सोडताना परत मिळेल असं लेखी घे. भाड्यानं देऊ का असं विचारलं नाहीस म्हणून बरं वाटलं, लई पोरं तेच विचारतात.

झोपेचं सगळ्यांना माहितीय तरी सांगतो. सकाळी आठला मोटारसायकल चालवून गावी जाऊ नको, बसनं जा, माझा एक सोबतचा पोरगा औशाच्या रस्त्याला गाडीवरच झोपला, पाय मोडला, तरी स्वस्तात सुटला. खोली घेतलीस तर मंगल कार्यालयाजवळ घेऊ नको, लग्नसराईत दुपारी बँड लागतो. जेवण साडेसातला करूनच जा, भाकरी-भाजी, आणि रात्री दोनला थोडंसं, आमच्याकडं मुरमुऱ्याचा सुशीला असायचा डब्यात, जड होत नाही. तीननंतर चहा घेतला तर सकाळी झोप लागत नाही, नाही घेतला तर साडेचारला डोकं टेबलावर. मी घ्यायचो.

आता अभ्यास. दीड ते तीन हा तुझा वेळ, आठवड्यातल्या सहापैकी तीन रात्री मिळेल असं धर. नवीन धडा त्या वेळेला डोक्यात शिरत नाही, मी करून बघितलंय, तीच ओळ चार वेळा वाचतो माणूस. आधी झालेलं उजळणीला आण, जुन्या प्रश्नपत्रिका, मराठी व्याकरण, असलं तुकड्या-तुकड्यानं होणारं. खरा अभ्यास दुपारी झोप झाल्यावर चार ते सात. तांत्रिक विषय मात्र काउंटरवरच होतो. शेड्यूल एच-वनचं रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं हे तुला पाठ करावं लागणार नाही, तू रोज भरणारच आहेस. आणि हो, कुणी तुला ड्रग इन्स्पेक्टरचा क्लास लाव म्हणलं तर पैसे घालू नको, त्याला डिग्री लागते, डी.फार्मवर बसता येत नाही. औषध निर्माण अधिकारीला बसता येतं, त्याचंच कर.

जायचं असेल तर जा, वर्षभर तरी काढ. पहिल्या रात्री चार-पाच पेनं जास्तीची घेऊन जा. सह्या करायला सिस्टर पेन मागतात आणि परत आणून देत नाहीत, चौदा वर्षांत एक पण परत आलेलं नाही.